सात गुणांची चित्रकला



ही हकीकत वर्तकनगरातल्या एका घरातली आहे. तिच्यात थोडा दोष आमचाही आहे, म्हणून ती सांगायला बसलो आहोत. ज्यांच्या घरातली आहे त्यांना विचारून लिहितो आहोत. मुलीने दोन अटी घातल्या. "चाचा, नाव नको. आणि माझं चित्र तर मुळीच छापायचं नाही." दोन्ही अटी कबूल केल्या.

वर्तकनगर ज्यांनी पाहिलेले नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. ठाणे स्टेशनावरून टीएमटीची बस पकडावी, पोखरण रोडला लागावे, की नाका येतो. म्हाडाच्या जुन्या इमारतींची ही वस्ती. पलीकडे उपवनचा तलाव आणि त्यामागे येऊरचा डोंगर. इथे आपली घरे मोजकीच. राबोडीसारखा मोहल्ला नाही, की मशीद हाकेच्या अंतरावर नाही. जुम्म्याला माणसे स्कूटरवर डबल सीट बसून जातात. पण चाळीस वर्षे एकाच जिन्यावर राहिल्यावर शेजारधर्म आपोआप येतो. रमजानमध्ये समोरच्या काकूंना आमच्या वेळा आमच्याआधी पाठ असतात.

या मुलीचे आजोबा रत्नागिरीकडून आले आणि इथल्या गिरणीत लागले. दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, मागे मोरी, पुढे अरुंद गॅलरी. आजोबा लवकर गेले. दादी मात्र गेल्या वर्षापर्यंत होत्या. अल्लाह त्यांना जन्नत नसीब करो. मुलीचे अब्बा एका खासगी कंपनीत हिशेबनीस आहेत. अम्मी घर सांभाळतात आणि ईदच्या आदल्या रात्री अख्ख्या बिल्डिंगच्या हातांवर मेंदी काढतात. हा मेंदीचा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता आमचा दोष. ही मुलगी आठवीत असताना तिचे अब्बा आमच्याकडे आले. आम्ही निवृत्त मास्तर, म्हणून शाळेचे काहीही असले की जिना चढून आमच्याकडे येतात. म्हणाले, "शाळेतल्या बाई म्हणतात, हिला ड्रॉइंगच्या परीक्षेला बसवा. फी भरू की नको?" आम्ही चष्मासुद्धा न काढता सांगून टाकले, "भरा, भरा. एलिमेंटरी झाली की इंटरमीजिएट. त्यात ए ग्रेड मिळाली की दहावीला सात गुण वाढतात. कुठल्याही क्लासपेक्षा स्वस्त."

सात गुण! मुलीचा हात कसा आहे, तिला काय काढायला आवडते, हे आम्ही विचारले नाही. अब्बांनी विचारले नाही आणि शाळेने तर नाहीच नाही. महाराष्ट्रातल्या लाखो घरांप्रमाणे त्या घरातही चित्रकला शिरली ती गुणपत्रिकेच्या दारातून.

मुलीने मात्र ती परीक्षा मनापासून दिली. या परीक्षेत काय असते ते पुष्कळ पालकांना ठाऊक नसते. स्थिरचित्र म्हणजे समोर मांडलेली सुरई, फळे, कापड बघून काढायचे. संकल्पचित्र म्हणजे नक्षी. भूमिती आणि अक्षरलेखन. आणि एक स्मरणचित्र. विषय दिलेला असतो, बाजार, बसस्टॉप, पाऊस असा काहीतरी, आणि डोळ्यांसमोर काही नसताना माणसांसकट सगळे आठवून काढायचे. शनिवार-रविवार ती सरावाला जायची आणि बोटे पोस्टर कलरने माखून यायची. दादी ओरडायच्या, "ते हात धुऊन ये, मग भाकरीला हात लाव." तिच्या स्मरणचित्रात माणसे असायचीच, परीक्षेत ती मागतातच. त्या वेळी घरात कोणीही 'जानदाराची तस्वीर' हा शब्द काढला नाही. गुण मिळणार होते ना.

ए ग्रेड मिळाली. प्रमाणपत्र लॅमिनेट होऊन शोकेसमध्ये गेले. दहावीच्या निकालात सात गुण जमा झाले, पेढे वाटले. त्याच आठवड्यात रंगांचे खोके, ब्रश आणि बोर्ड माळ्यावर गेले. अब्बा म्हणाले, "झालं तिचं काम. आता कॉमर्स." आम्ही पेढा खात मान डोलावली.

त्यानंतर चार वर्षे त्या घरात चित्रकला नव्हती. निदान आमची तशी समजूत होती.

गेल्या वर्षी दादींचा इंतकाल झाला. त्यानंतर रमजान जवळ आला, म्हणून अम्मींनी घर झाडायला काढले. गाद्या उन्हात टाकताना मुलीच्या गादीखालून एक वही निघाली. अकाउंट्सची, लाल-निळ्या रेघांची, जमा-खर्चाचे रकाने आखलेली. मुलगी आता बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला होती, तेव्हा अशी वही निघण्यात नवल काही नव्हते. अम्मींनी सहज उघडली. सुरुवातीची पाने हिशेबाची. पुढे रकान्यांवरून, रेघांवरून, चाळीसेक पाने भरून चित्रे. आणि सगळी दादींची.

अम्मी ती वही ओढणीत गुंडाळून आमच्याकडे घेऊन आल्या. डोळे लाल. "भाईसाहेब, तुम्हीच ते ड्रॉइंगचं खूळ घातलं होतं. आता तुम्हीच समजवा तिला." त्यांच्या मनात तीन काळज्या होत्या. पहिली, जानदाराची तस्वीर, तीही मरहूमांची. त्याने दादींना काही त्रास होईल का. दुसरी, ज्या घरात तस्वीर असते त्या घरात फरिश्ते येत नाहीत, आणि रमजान तर तोंडावर आलेला. तिसरी काळजी त्यांनी आवाज उतरवून सांगितली: मुलीला स्थळे येऊ लागलीत, त्यात ही गोष्ट बाहेर पडली तर लोक काय म्हणतील. पाठोपाठ अब्बा आले. त्यांची काळजी वेगळी. "सी.ए.चं फाउंडेशन द्यायचंय म्हणते, आणि अकाउंट्सच्या वहीत हे!"

आम्ही वही उघडली. वाचकहो, आम्ही पस्तीस वर्षे मुलांच्या वह्या तपासल्या आहेत. या वहीला हात लावताना मात्र आपण दुसऱ्याच्या खोलीत न विचारता शिरलो आहोत असे वाटले.

चित्रे अशी होती. वजू करताना तांब्याखाली धरलेला हात, त्यावरच्या शिरा फुगलेल्या. तस्बीहचे मणी आणि अंगठ्याचे वाकडे नख. दोऱ्याने बांधलेला चष्मा, उशीजवळ ठेवलेला. रुकूत वाकलेली पाठ, मागून. पानाचा डबा. जानमाज घडी करताना गुडघ्यावर टेकलेली हनुवटी, पण ओढणी अशी पुढे आलेली की चेहरा झाकलेला. गोधडीत सुई खुपसून झोपी गेलेली बाई, भिंतीकडे तोंड करून. चाळीस पानांत दादी होत्या, पण चेहरा कुठेही नव्हता.

आम्हाला वाटले, समजले सगळे. मुलीला बोलावले आणि शाबासकीच्या सुरात म्हणालो, "बेटा, तू हद्द पाळलीस. चेहरा काढला नाहीस. अम्मी, बघा, पोरीला आपोआप कळतं."

मुलगी गप्प होती. मग म्हणाली, "नाही चाचा. चेहरा येत नाही."

दादी फोटो काढू देत नसत. लग्नकार्यात कॅमेरा समोर आला की ओढणी पुढे. घरात त्यांचा एकच फोटो, आधार कार्डावरचा. तो तुम्ही-आम्ही सगळ्यांनीच आपापल्या कार्डावर पाहिलेला असतो तसा: डोळे अर्धवट मिटलेले, अनोळखी बाईचा वाटावा असा. "ती दादी नाहीच," मुलगी म्हणाली. "गेल्यानंतर पंधरा दिवसांनी मी डोळे मिटून त्यांचा चेहरा आठवायला गेले तर आला नाही. हात आला. मग हात काढला. दुसऱ्या दिवशी चष्मा आला. मला वाटलं, असं बाजूबाजूने काढत गेलं की मधला चेहरा येईल." इंटरमीजिएटच्या सरावात शिकवलेल्या स्मरणचित्राचा असा उपयोग होईल, हे आम्हाला सुचणे शक्यच नव्हते.

आम्ही अब्बांकडे पाहिले. ते वहीकडे पाहत होते. आईच्या अंगठ्याचे वाकडे नख त्यांनी ओळखले असावे.

आता तस्वीरीचा प्रश्न. आम्ही मुफ्ती नाही आणि या सदरातून फतवे देत नाही. पण वाचकांच्या मनात हा प्रश्न असणार, म्हणून जेवढे सर्वांना ठाऊक आहे तेवढे सांगतो. जानदाराची तस्वीर बनवण्याबद्दल हदीसमध्ये कडक शब्द आले आहेत आणि बहुसंख्य उलेमा ती मना मानतात. फोटोबद्दल मतभेद आहेत. हजरत इब्ने अब्बास (रजि.) यांच्याकडे तस्वीरींवर पोट असलेला एक माणूस आला, तेव्हा त्यांनी त्याला झाडे आणि निर्जीव वस्तू काढण्याचा मार्ग दाखवला, हे बुखारी शरीफमध्ये आहे. हजरत आयेशा (रजि.) यांच्या घरातल्या तस्वीर असलेल्या पडद्याची हकीकत सर्वांना माहीत असते. पैगंबरांना (सल्ल.) तो आवडला नाही, तेव्हा त्यांनी तो काढला आणि त्याच कापडाच्या उशा केल्या. त्यांच्याच खेळण्यांतल्या चिंध्यांचे पंख लावलेल्या घोड्याची हकीकत मात्र कमी सांगितली जाते. तो पाहून पैगंबर (सल्ल.) हसले होते. दोन्ही हकीकती मुलांना सांगाव्यात. एकच सांगितली तर त्यांना निम्मेच घर दिसते.

ज्यांना या बाबतीत काटेकोर राहायचे आहे त्यांनी जरूर राहावे. पण चार वर्षांपूर्वी गुणांसाठी माणसे काढायला लावायची आणि आज दादींच्या चष्म्यासाठी फरिश्त्यांची भीती घालायची, हे बरोबर नाही. पोरे हे बरोबर टिपतात. मसला धर्माचा नसून आपल्या सोयीचा आहे, असा त्यांचा समज होतो, आणि एकदा तो झाला की पुढचे काहीच ऐकत नाहीत.

अम्मींना आम्ही हळूच विचारले, "आणि तुमची मेंदी?" त्या दचकल्या. "ते वेगळं आहे भाईसाहेब. त्यात वेली असतात, कैऱ्या असतात." वेगळे आहेच. पण चाँदरातीला दोन-दोन वाजेपर्यंत जिन्यावर बायकांची रांग असते आणि अम्मी छापील डिझाइन न बघता तळहातावर वेल सोडतात, तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जे असते तेच या मुलीच्या चेहऱ्यावर वही हातात घेताना होते. दादींच्या गोधड्यांचेही तेच. जुन्या लुगड्यांचे तुकडे जुळवताना हिरव्याशेजारी पिवळा येऊ देत नसत. त्याचे कोणी गुण दिले नव्हते. कोणी विचारलेही नाही की हे कशासाठी.

आपल्याकडे चित्र म्हटले की एकतर गुनाह आठवतो नाहीतर हुसेन आठवतात. मधले काही आठवत नाही. ते मधलेच फार मोठे आहे. खुल्दाबादच्या वाटेवर औरंगाबादला उतरलात तर बीबी का मकबरा बघताच. पुढच्या वेळी फोटो काढून परतण्याआधी दिलरस बानू बेगमच्या कबरीभोवतीची अष्टकोनी संगमरवरी जाळी नीट पाहा. अशा जाळ्या कशा सुचतात, हे मुलाला घरी करून दाखवता येते. कंपास घ्या, वर्तुळ काढा. कंपासचे माप न बदलता टोक परिघावर टेकवत पुढे न्या. बरोबर सहा वेळा बसते. एक आड एक बिंदू जोडले की दोन त्रिकोण एकमेकांत अडकून सहा टोकांचा तारा होतो. दोन बिंदूंमध्ये पुन्हा मध्य काढा, बारा होतात. मग रेघा लांबवत न्या आणि शेजारच्या वर्तुळाच्या रेघांना भेटू द्या. कोऱ्या कागदावर अर्ध्या तासात नक्षी उभी राहते. आमच्या नातवाने केली. तो मोबाईल विसरला होता, पाऊण तास. (त्यानंतर आठवला.)

आणि माणसांची चित्रे? तीही आपल्या दख्खनच्या इतिहासात आहेत, हे नाकारून कसे चालेल? अहमदनगरच्या निजामशाहीत हुसेन निजामशहाच्या गौरवासाठी आफताबी नावाच्या कवीने फारसीत 'तारीफ-ए-हुसेनशाही' हे काव्य रचले. तालिकोटची लढाई झाली त्या १५६५ च्या सुमाराचे हे सचित्र हस्तलिखित आज पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात आहे. दख्खनी चित्रशैलीच्या अगदी सुरुवातीच्या नमुन्यांत ते गणले जाते. त्यात बादशहाच्या शेजारी त्याची बेगम खुंजा हुमायूं बसलेली काढली होती. ही चाँदबीबीची आई. बादशहा वारल्यावर बेगमेने अल्पवयीन मुलाच्या नावाने कारभार पाहिला, पुढे मुलानेच तिला कैद केले. आणि बहुतेक चित्रांतून बेगमेची आकृती पुसून टाकलेली आहे. बादशहा आहे, गादी आहे, शेजारी धुरकट डाग आहे.

आम्ही छापील चित्रात तो डाग पाहिला होता तेव्हा पहिला विचार आला तो असा की कोण्या परहेजगार माणसाने तस्वीर म्हणून पुसली असेल. पण तसे असते तर बादशहालाही पुसले असते. अभ्यासक सांगतात, कारण राजकारणाचे. बाई नजरेतून उतरली म्हणून कागदावरून गेली. मुलीला ही हकीकत सांगितली तेव्हा तिने एवढेच विचारले, "पुसली तरी ती होती हे कळतंच ना?" आम्ही म्हणालो, डागामुळेच कळते.

अब्बांचा प्रश्न अजून बाकी होता. ते हिशेबनीस आहेत, त्यांना बेरीज लागते. त्यांनी मुलीला सरळ विचारले, "तुला जे.जे.ला जायचं होतं का? आम्ही जबरदस्तीने कॉमर्सला घातलं का?" त्यांचा आवाज चिरका झाला होता. आम्ही तयारीतच होतो. ज्यांच्या मुलांना खरेच त्या वाटेने जायचे आहे त्यांच्यासाठी माहिती आमच्याकडे होतीच. मुंबईचे सर जे.जे. स्कूल ऑफ आर्ट १८५७ पासून आहे, आता त्याला अभिमत विद्यापीठाचा दर्जा आहे. बारावीनंतर चार वर्षांची बी.एफ.ए. ही पदवी असते, राज्यातल्या कला महाविद्यालयांसाठी सीईटी द्यावी लागते. पोट भरत नाही ही जुनी समजूत आहे. जाहिरात, पुस्तके, अॅनिमेशन, कापड, सगळीकडे हात लागतो.

आम्ही सय्यद हैदर रझांचे उदाहरणही काढले. त्यांचे वडील मंडला जिल्ह्याच्या जंगलखात्यात नोकरीला. हैदरचे वर्गात चित्त लागेना, तेव्हा मास्तरांनी भिंतीवर एक ठिपका काढून त्याकडे बघत बसायला सांगितले, असे ते स्वतः सांगत. तोच ठिपका चाळीस-पन्नास वर्षांनी त्यांच्या चित्रांत बिंदू होऊन आला आणि जगभर गेला. ते नागपूरच्या कलाशाळेत शिकले, मग मुंबईत आले. दिवसा ब्लॉक बनवणाऱ्या स्टुडिओत नोकरी, संध्याकाळी चित्रकला, असे दिवस काढले. १९४७ ला जे.जे.चे शिक्षण संपले. त्याच सुमारास हुसेन, सूझा, आरा वगैरेंबरोबर प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप काढला. फाळणीत भावंडे पाकिस्तानला गेली, हे राहिले. पुढे १९५० मध्ये पॅरिसला गेले आणि साठ वर्षे तिकडे काढून परत आले. २०१६ मध्ये दिल्लीत वारले, पण दफन झाले ते मंडल्याला, वडिलांच्या कबरीशेजारी. तैयब मेहता तर आधी फिल्म एडिटिंगच्या कामात होते, मग जे.जे.ला गेले.

आम्ही बोलत होतो आणि मुलगी ऐकून घेत होती, मास्तरांचे ऐकून घ्यावे तसे. शेवटी म्हणाली, "चाचा, मला जे.जे.ला जायचं नाही. मला प्रदर्शन भरवायचं नाही. मी बी.कॉम. पूर्ण करणार आहे, फाउंडेशनही देणार आहे. मला फक्त वही परत हवी आहे."

अब्बांना हे समजेना. नोकरी नाही, गुण नाहीत, नाव नाही, मग कशासाठी? खरे सांगायचे तर आम्हालाही चटकन समजले नाही. आम्ही रझांचे इतके लांबवून सांगितले तेही याच खोडीने. मुलीने चित्र काढले की तिला एकतर थांबवायचे किंवा थेट पॅरिसला पोचवायचे. तिसरी जागा आमच्याकडे नव्हती.

मग ती हळूहळू बोलली. कॉलेजात कोणाला ठाऊक नाही की ती चित्रे काढते. ठाऊक झाले की पोस्टर करून दे, फेस्टिव्हलचा बॅकड्रॉप रंगव, मैत्रिणीच्या वाढदिवसाला पोर्ट्रेट काढ, हे सुरू होते. जानेवारीत उपवनला कलामहोत्सव भरतो तेव्हा ती गर्दी संपल्यावर एकटीच तलावाच्या कठड्याशी जाऊन बसते. बसमध्ये खिडकीशी जागा मिळाली तर वर्तकनगर नाका ते स्टेशन या वेळात एक हात काढून होतो: दांडा धरलेला, पिशवी धरलेला, तिकिटाचे सुटे मोजणारा. फोर-बी पेन्सिल कंपासपेटीत तळाशी असते. "दिवसभर सगळं कशासाठी तरी असतं," ती म्हणाली. "हे एकच कशासाठी नसतं. म्हणून ते खराब झालं तरी चालतं. तिथे मला कोणी तपासत नाही."

तपासण्याचे काम आमचे होते, पस्तीस वर्षे. आम्ही वही तिच्या हातात दिली.

सगळे त्या दिवशी सुरळीत झाले असे समजू नका. अम्मी आठवडाभर अबोला धरून होत्या. बुधवारी त्या राबोडीला बायकांच्या दर्सला जातात, तिथल्या आपांना त्यांनी विचारले. आपांनी सांगितले की चेहरा काढू नये, वस्तू आणि निसर्ग काढायला हरकत नाही. आणि मरहूमांसाठी दुआ आणि सदका हीच खरी भेट, हे मुलीला सांगावे. अम्मींनी जसेच्या तसे येऊन सांगितले. मुलीने ऐकून घेतले. दादींच्या नावाने तिने आपल्या शिकवणीच्या पैशांतून सदका केला, तोही कोणाला न सांगता; आम्हाला कळले ते तिसरीकडून. चेहऱ्याचे ती काय करणार, हे तिने आम्हाला सांगितलेले नाही. आम्ही विचारलेले नाही. वीस वर्षांच्या, नमाजी, विचार करणाऱ्या मुलीने एखादी गोष्ट आपल्या रबशी बोलून ठरवायची असेल तर तिथे मास्तरांचे काय काम?

वही आता गादीखाली नसते. शेल्फवर उघडी असते, आणि अम्मी ती झाडतात पण उघडत नाहीत. हा करार कोणी लिहिलेला नाही.

मध्यंतरी बिल्डिंग खाली करायची वेळ आली. म्हाडाच्या जुन्या इमारती पाडून टॉवर उभे राहताहेत, तसे याही बिल्डिंगचे ठरले. भाड्याची खोली मिळाली ती लांब, लोकमान्यनगरच्या पुढे. सामान बांधायला सुरुवात झाली. माळ्यावरून रंगांचे खोके खाली आले, रंग सुकून दगड झालेले. शोकेसमधले लॅमिनेट केलेले प्रमाणपत्र पातेल्यांच्या मध्ये, तडा जाऊ नये म्हणून, खोचले गेले.

शेवटच्या दिवशी आम्ही भेटायला गेलो. टेम्पो खाली उभा होता. खोली रिकामी झाली की केवढी लहान दिसते! भिंतीवर दादींच्या उशीच्या जागी तेलाचा डाग होता, गॅलरीच्या गजांना त्यांच्या हाताने गुळगुळीत झालेला एक पट्टा होता. मुलगी जमिनीवर मांडी घालून, नवीन वही मांडीवर घेऊन, मोरीचे दार काढत बसली होती. टेम्पोवाला दोनदा हॉर्न वाजवून गेला. आम्हाला वाटले, आता अब्बा चिडणार.

अब्बा तिच्या मागे येऊन उभे राहिले. बराच वेळ पाहत राहिले. मग नव्या खोलीसाठी खिशात ठेवलेली टेप काढली, दाराच्या चौकटीला लावली, पट्टी डोळ्यांजवळ नेऊन आकडा वाचला आणि म्हणाले, "सहा फूट दोन इंच आहे. तू ठेंगणं काढलंस. आई इथून वाकून जायची, पण ती उगाच. गरज नव्हती."

मुलीने खोडरबर मागितले. ते आमच्याच खिशात निघाले, मास्तरांची सवय. टेम्पो अजून अर्धा तास थांबला.